आपण घेऊ या

टण्ण.

पत्र्याच्या डब्यात काहीतरी पडलं आणि घरातली निवांत दुपार मध्येच तडकली. तिने पडद्यावरचं दृश्य थांबवलं. आवाज बाहेरच्या खोलीतून आला होता, म्हणजे मुंगीच. लेक चार वर्षांची होती. घरातली प्रत्येक सुटी वस्तू एकेक करून ओढून न्यायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात साठवायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. बटणं, बाटल्यांची झाकणं, बाबांच्या पेनाची टोपणं, सगळं त्या डब्यात. आत्ताचा आवाज बहुतेक कपड्यांच्या चिमट्याचा.

तिला हसू आलं. पुन्हा काम सुरू करायला तिने बोट उचललं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. हा आवाज तिला ऐकू यायलाच नको होता.

कारण तिच्या कानांवर हेडफोन होता, आणि तोही असातसा नव्हे. मऊ कातडी गाद्यांचा, कानावर ठेवला की बाहेरचं जग गिळून टाकणारा. शेजारी भिंतीत खिळे ठोकत असले तरी तिला ते कुणीतरी उशीवर थापट्या मारल्यासारखे ऐकू यायचे. त्याच्या उजव्या बाजूला एक चपटं बटण होतं. ते एकदा दाबलं की जग बंद. पुन्हा दाबलं की जग उघडं, आणि तेही मोकळ्या कानाला येतं त्याहून स्वच्छ, कारण आतले बारीक माइक बाहेरचा आवाज उचलून थेट कानात आणून ठेवायचे. सकाळी मुंगी तो डोक्यावर घालून आरशासमोर विमान चालवत होती. तिनेच बटण दाबून ठेवलेलं असणार.

बटण परत दाबायला हात गेला, पण तिने दाबलं नाही. आता ऐकूच येतंय तर लेकीचं एकटीचं बोलणं थोडं ऐकावं, असं तिला वाटलं. मुंगी चिमट्याला दटावत होती, "इथे झोपायचं. रडायचं नाही. आई काम करते." दटावणीचा सूर हुबेहूब तिचाच होता. चोरून ऐकण्याचं सुख तिने डोळे मिटून घेतलं.

ती काम करायची ते तसं कुणाच्या डोळ्यांत भरणारं नव्हतं. परदेशी मालिका बघताना खाली ज्या मराठी ओळी येतात आणि जातात, त्या ती लिहायची. ओळ नीट जमली तर बघणाऱ्याला ती वाचल्याचं आठवतसुद्धा नाही. एका स्टुडिओकडून तिला भाग यायचे आणि मुंगी झोपली, खेळात रमली किंवा तिचा बाबा सुट्टीवर घरी असला की ती ते संपवायची. लग्नाआधीचा हेडफोन डाव्या कानाने कधीच गेला होता. ती म्हणायची, बरंच झालं, एका कानाने नटांचं ऐकते आणि दुसऱ्याने मुंगीचं.

या कामात तिला सगळ्यात छळायचा तो एक लहानसा शब्द. ज्या भाषेतून ती ओळी आणायची, तिच्यात 'आपण' आणि 'आम्ही' या दोघांना मिळून एकच शब्द होता. मालिकेतला म्हातारा म्हणायचा, घर विकणार आहोत. कोण विकणार आहोत? समोर बसलेली मुलगी त्यात धरली आहे, की तिला वगळून सांगतोय? धरली असेल तर 'आपण', वगळली असेल तर 'आम्ही'. मग ती ते दृश्य मागेपुढे करून पाहायची. म्हातारा बोलताना कुणाकडे बघतो, मुलगी हातातला कप खाली कशी ठेवते. एकदा तिने याच शब्दासाठी स्टुडिओतल्या मॅडमना पुन्हापुन्हा फोन केला होता. तिसऱ्या खेपेला मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "अहो, एका 'आम्ही'पायी तुम्ही माझा जीव खाल्लात. अशी माणसं मला इथे समोर बसलेली हवीत. याल का कायमच्या?"

कायमच्या, म्हणजे स्टुडिओत. स्वतःचं टेबल, आवाजबंद खोली, तिने लिहिलेल्या ओळींवर तिचं नाव, आणि अर्ध्या दिवसासाठी मुंगी पाळणाघरात. वरून मंजुरी आली की मी फोन करते, मग तुम्ही फक्त हो म्हणा, असं मॅडमनी सांगितलं होतं. कामाच्या वेळी तिचा फोन मुका असायचा, म्हणून तिनेच हौसेने नवऱ्याचाही नंबर देऊन ठेवला. माझा नाही लागला तर यांचा लावा.

नवऱ्याला तिने हे सांगितलं तेव्हा तो मुंगीच्या बुटाची गाठ सोडवत होता. गाठीकडेच बघत म्हणाला, "छान आहे की. आपण बघू."

त्यानंतर ती फोनची वाट बघत राहिली. मुका फोन ती उशाशी, ओट्यावर, न्हाणीघराच्या कट्ट्यावर सोबत घेऊन फिरायची. फोन आला नाही. मॅडमना विचारायला तिने निरोप लिहिले आणि खोडले. आपण लघळ वाटू, अशी भीती. एकदा न राहवून नवऱ्याला म्हणाली, "मीच करू का त्यांना?" तो म्हणाला, "एवढी गरज असती तर त्यांनी केला असता. आपण कशाला मागे लागायचं?"

ते तिला पटलं. पटलं म्हणजे बोचलं, आणि ती गप्प बसली. काही दिवस तर प्रत्येक ओळ लिहिताना वाटायचं, हीच कुठेतरी चुकली असेल, म्हणूनच नको झाले मी.

आणि त्याच दिवसांत तो हेडफोन घरात आला.

हेडफोन आला याचं तिला नवल वाटलं ते एवढ्यासाठी, की नवरा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या मोठ्या शोरूममध्ये कामाला होता. तोही वरच्या मजल्यावर, जिथे सगळ्यात महाग माल उघडा मांडून ठेवतात, गिऱ्हाइकाने हात लावावा म्हणून. दिवसभर तो माल विकून आल्यावर तो घरी जेवताना त्याच मालाची साल काढायचा.

"आज परत भाव चढले," तो सांगायचा. "तोच हेडफोन. आतला तारेचा तुकडाही बदललेला नाही. फक्त रंग नवा, आणि रंगाचं नाव काय तर 'पहाटेची राख'. राखेचे एवढे पैसे."

"मग घेतं कोण?"

"घेतात की. आज एक गृहस्थ आले. म्हणाले, मागे आलो तेव्हा कमी होता. मी म्हटलं, म्हणून तर आज आपण घेऊन टाकू या, पुढे आणखी चढेल."

"आपण? तू किती घातलेस त्यात?"

तो खो खो हसायचा. "अगं, तेच तर शिकवतात आम्हाला. 'तुम्ही घ्या' म्हटलं की माणूस खिसा गच्च धरतो. 'आपण घेऊ या' म्हटलं की तोच हात खिशात जातो. वाटतं, हा माणूस आपल्याच बाजूचा आहे."

"लबाड आहात सगळे."

"पोट आहे बाई."

त्याचा स्वतःचा फोन पाठीमागून उघडा पडलेला होता. रबर लावून तो वापरायचा आणि म्हणायचा, मला आतलं माहीत आहे, मी नाही फसणार. असा माणूस एके संध्याकाळी जाडजूड पांढरा डबा पाठीमागे लपवून दारात उभा राहिला.

"भाव वाढल्यावर घेतलास?" ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचेना.

"आपण घेतला," तो म्हणाला. "तुझ्या कामाला लागतो. डावा कान किती दिवस बहिरा ठेवणार?"

डब्याचं झाकण हळूच, श्वास सोडल्यासारखं वर आलं. तिने तो कानांवर ठेवला आणि जुनाच भाग लावून बघितला. म्हाताऱ्याचा आवाज आधीही ऐकला होता, पण आता त्याने बोलण्याआधी गिळलेला आवंढा ऐकू आला. मुलीने कप ठेवताना बशी किंचित थरथरली, तेही. तिने त्या बशीमुळे एक ओळ बदलली. मग हेडफोन काढून ती नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पगारातून दर महिन्याला जाणाऱ्या हप्त्याचं तिला भय वाटत होतं, पण त्या दिवशी तिने मनाशी कबूल केलं, काही वस्तूंची जास्तीची किंमतही खरी असते. माझं काम स्टुडिओला नको असेल. याला तरी ते एवढ्या किमतीचं वाटतं.

आणि आता, या दुपारी, तेच बटण चुकून दाबलेलं होतं.

मुंगीने चिमट्याला निजवलं. मग गॅलरीचं दार सरकलं. आज नवऱ्याची आठवड्याची सुट्टी होती, तो वाळलेले कपडे काढत होता. फोन खांद्यात धरून बोलत असणार, कारण आवाज मान वाकडी केल्यासारखा दबून येत होता. पण माइकने तो उचलला आणि जवळ बसून कानात बोलल्यासारखा तिच्यापर्यंत आणला.

"नाही गं ताई, तिला नाही ऐकू जात. कानाला तो लावलाय ना. आता छत कोसळलं तरी कळायचं नाही." तो हसला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. "महाग आहेच. वाढलेल्या भावाने घेतला, शोरूममधली पोरं हसली मला. पण वसूल झाला बघ. स्टुडिओचं नावसुद्धा काढत नाही आता. घरात बसून खूश आहे."

तिला वाटलं, हा थट्टा करतोय. ती किंचित हसलीसुद्धा.

"हो ना, त्या मॅडमचा फोन मलाच आला होता, तिचा लागला नाही म्हणून. सांगितलं मी, आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय, मूल लहान आहे, ती घरूनच करेल. काय बोलणार त्या? ... तिला कशाला सांगू? उगाच जिवाला लावून घेईल. ... नाही नाही, तुझं बरोबरच होतं. पोरीला परक्यांच्या हाती द्यायचं म्हणजे. आपण ठरवलं तसंच झालं ना शेवटी, मग झालं तर."

कपड्याची घडी झटकल्याचा आवाज आला. नंतर दुसरी.

ती हलली नाही. तिचे हात कीबोर्डवर होते आणि इतक्या दिवसांची सवय म्हणून डोकं ओळी पाडतच राहिलं. 'आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय.' बोलणारा, नवरा. ऐकणाऱ्या, मॅडम. दुसरी व्यक्ती, बायको, म्हणजे मी. पण मी तिथे नव्हते. 'आपण ठरवलं तसंच झालं.' बोलणारा, नवरा. ऐकणारी, ताई. इथे शब्द अगदी चोख होता, कुणाला काही विचारायची गरज नव्हती. एका वाक्यात तिचं नाव खोटं घातलेलं होतं आणि दुसऱ्यात ते नव्हतंच.

तिला हेडफोनचाही राग येईना. त्याच्या डब्यावर लिहिलेलं सगळं त्याने केलं होतं. दुरून आलेला दबका आवाज स्वच्छ उचलला होता. इतका, की बोलणाऱ्याला वाटलेली सुटका तिला शब्दांमधून वेगळी काढून दाखवता आली असती.

तिने मॅडमना फोन लावला. इतके दिवस लिहून खोडलेला तो निरोप आता तोंडातून सरळ आला.

"मॅडम, त्या जागेबद्दल विचारायचं होतं."

"अहो, तुमच्या मिस्टरांनी सांगितलं ना मला? दोघांनी विचार करून ठरवलंय म्हणाले. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, घरचा प्रश्न आहे. ती जागा भरली हो. नवी मुलगी रुजूसुद्धा झाली." मग जरा थांबून, "का? तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं," ती म्हणाली. "सहज विचारलं."

ते खोटं ती का बोलली, तिचं तिलाच कळलं नाही. घराची अब्रू म्हणतात ती अशी वेळेला न बोलावता धावून येते.

फोन ठेवून ती पडद्याकडे बघत बसली. थांबवलेल्या दृश्यात म्हाताऱ्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. पाठीमागे पावलं वाजली. कपड्यांचा गठ्ठा पलंगावर पडला. तिच्या पाठीशी उभं राहून नवरा स्वतःशीच बोलावं तसं हळू म्हणाला, "चहा टाकू का आता?"

"मला नको," ती म्हणाली.

पावलं जागच्या जागी थांबली.

तो समोर आला. तिच्या कानांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. "ऐकू येतंय तुला?"

"बाहेरचा आवाज चालू आहे. मुंगीने दाबलं असेल."

"कधीपासून?"

"चिमटा पडल्यापासून."

हे उत्तर त्याला कळायचं काही कारण नव्हतं. पण गॅलरी आणि फोन आणि ताई हे सगळं त्याला जिथून पोहोचायचं तिथून पोहोचलं. तो पलंगावर कपड्यांशेजारी बसला. मुंगीचा एक मोजा त्याने हातात घेतला आणि त्याची जोडी शोधत असल्यासारखा गठ्ठा चिवडू लागला.

"मी सांगणारच होतो."

"कधी? पुढचं मॉडेल आल्यावर?"

"तसं नाही गं. मुंगी एवढीशी. मी सकाळी जातो तो रात्री येतो. सणसणून ताप आला तिला तर? कुणीतरी घरात नको?"

"कुणीतरी म्हणजे मी."

"मग कोण? तूच सांग. तू तरी राहिली असतीस का तिथे निवांत? अर्ध्या दिवसात रडत परत आली असतीस."

"आले असते," ती म्हणाली. "कदाचित पहिल्याच दिवशी आले असते. कदाचित मीच त्यांना नाही म्हटलं असतं. ते आता तुलाही कळायचं नाही आणि मलाही." तिचा आवाज चढत नव्हता, याचं तिलाच आश्चर्य वाटत होतं. "इतके दिवस मी समजत होते की मला काम येत नाही. तू रोज माझ्या शेजारी बसून जेवलास आणि मला तसं समजू दिलंस."

मोज्याची जोडी सापडली होती, ती त्याने एकात एक घालून गोळा केली. मग जखम झाल्यासारखा एकदम म्हणाला, "काही मनात नसतं तर एवढं महागातलं आणलं असतं का? माझा फोन बघ. रबर लावून वापरतोय मी. तुला बरं वाटावं म्हणूनच आणला ना?"

आणि यातलंच सगळ्यात अवघड असं होतं, की ते खरं होतं. त्याने मनापासून आणला होता. त्या दिवशी दारात उभं असताना त्याच्या तोंडावरचा आनंद खोटा नव्हता. तिने तो चांगला पाहिला होता, माणसांचे चेहरे मागेपुढे करून बघणं हेच तर तिचं काम. तिच्या हातून एक गोष्ट काढून घ्यायची, तिला दुखू नये म्हणून दुसरी द्यायची, आणि दुसरी जितकी महाग तितकी पहिली विसरेल, असा सरळ हिशेब. वाढलेला भाव त्याने तेवढ्यासाठी मोजला होता.

तिने हेडफोन काढला आणि दोघांच्या मध्ये, कपड्यांवर ठेवला. कानांना एकदम गार लागलं.

"परत घेतील हा?"

"उघडलेला माल परत घेत नाहीत," तो म्हणाला. शोरूममध्ये म्हणतो त्याच सुरात, सवयीने. म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"नाहीच घेत म्हणा. पण तुमच्याकडे गिऱ्हाइकाला निदान आधी विचारतात तरी. खोटं का होईना, 'आपण घेऊ या ना' म्हणतात."

"मी काय तुला गिऱ्हाईक समजतो का?"

"गिऱ्हाइकाला माहीत असतं रे, ते दुकानात उभं आहे."

तो मान खाली घालून बसला. त्याची मान मागून मुंगीसारखी दिसते, केसांचा तोच भोवरा. एरवी तिने त्यावर हात ठेवला असता. हात मांडीवरच राहिला.

तेवढ्यात डबा खुळखुळवत मुंगी दारात आली. डबा पोटाशी धरलेला, गालावर झोपेचा वळ नाही म्हणजे दुपारभर जागीच. दोघांकडे बघून ती उंबऱ्यातच थबकली. मुलांना खोलीतली हवा कळते.

नवऱ्याला जणू कुणीतरी दोर टाकला. तो लगबगीने उठला. "अरे, मुंगीबाई आल्या! चला, चला. बूट कुठे आहेत? आपण बागेत जाऊ या. घसरगुंडीवर जाऊ या. चला, आपण सगळं विसरून मस्त फिरून येऊ."

शेवटचं वाक्य मुंगीसाठी नव्हतं.

मुंगी जागची हलली नाही. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली, आणि ती आठी तिच्या आईला चांगली ठाऊक होती. मागे एकदा खुर्च्यांवर चादर टाकून मुंगीने घर केलं होतं. अस्वलाला आत घेतलं होतं आणि चादर धरून आईला बजावलं होतं, "आपण घरात आहोत. तू बाहेर थांब." तेव्हा तिने लेकीला जवळ घेऊन समजावलं होतं. मला बाहेर ठेवायचं असेल तर 'आम्ही' म्हणायचं. 'आपण' म्हटलंस की मी आत आलेच. तो शब्दच तसा असतो, राणी. 'आपण'मध्ये मी असतेच. मुंगीला त्याची एवढी गंमत वाटली होती, की नंतर कितीतरी दिवस ती प्रत्येकाचा 'आपण' तपासायची. दूधवाल्याचा, शेजारच्या आजींचा, स्वतःचा. कोण आत, कोण बाहेर.

मुंगी डबा खाली न ठेवता चालत आली. पलंगावरच्या हेडफोनकडे एकदा बघितलं, मग आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. बाबा दारात तिचे छोटे बूट हातात घेऊन वाट बघत होते. तिने मान वर केली आणि अगदी हळू, फक्त आईला ऐकू जावं अशा बेताने विचारलं,

"आई, बाबांच्या 'आपण'मध्ये तू आहेस?"